मांजरांचे बिऱ्हाड हलते तेव्हा

मांजर आपल्या पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा बोलण्यापुरता असेल, पण निरीक्षण खरे आहे. जागेला वास लागला, वर्दळ वाढली, धोका वाटला की मांजरी पिल्लाची मानगूट अलगद तोंडात धरते आणि दुसरा कोनाडा गाठते. तिला कोणी शिकवावे लागत नाही. पण एक-दोन नव्हे, तब्बल ४६ मांजरे एका जागेतून दुसऱ्या जागेत न्यायची असतील, तर मात्र माणसाला शिकूनच पाऊल टाकावे लागते.

आमच्या गावात बेवारशी मांजरांचा एक छोटा निवारा आहे. एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांना मदत करणारी कॉलेजची चार-पाच मुले तो चालवतात. सगळे त्यांना काकूच म्हणतात. लाकडाच्या जुन्या वखारीतील भाड्याची जागा सोडून निवारा गावाबाहेरच्या एका रिकाम्या गोदामात जाणार, अशी बातमी गेल्या हिवाळ्यात पसरली आणि या सदराकडे दोन पत्रे आली. पहिले काकूंचे होते. 'डॉक्टर, मालकांनी महिन्याची मुदत दिली आहे. जागा बदलली की मांजरे आजारी पडून दगावतात असे सांगतात. हे खरे आहे काय?' दुसरे पत्र गोदामाशेजारच्या वस्तीतील एका गृहस्थांचे होते. 'सून चार महिन्यांची गरोदर आहे. मांजरांमुळे पोटातील बाळाला धोका असतो म्हणतात. आम्ही सर्वांनी सह्या करून नगरपालिकेकडे अर्ज द्यावा काय?'

एकाला मांजरांची काळजी, दुसऱ्याला माणसांची. मी जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे दोन्ही पत्रे माझ्याकडे आली आणि दोन्हींचे उत्तर जवळजवळ सारखेच निघाले. स्थलांतर शिस्तीने झाले तर मांजरेही सुखरूप राहतात आणि शेजारीही.

शेजाऱ्यांच्या तक्रारी आणि निवाऱ्याचे स्थलांतर ही गोष्ट जुनीच आहे. लंडनमध्ये मेरी टील्बी या बाईंनी १८६० साली हॉलोवे भागात भटक्या कुत्र्यांसाठी आश्रम काढला. भुंकण्याच्या आवाजाला शेजारी कंटाळले. शेवटी १८७१ साली आश्रम बॅटर्सी भागात हलला आणि १८८३ पासून तेथे मांजरेही घेऊ लागले. ॲमस्टरडॅममध्ये एका बाईंचे घर मांजरांनी इतके भरले, की १८६८ नव्हे तर अगदी अलीकडे, १९६८ साली, त्यांनी कालव्यात नांगरलेली एक जुनी बोटच मांजरांसाठी घेतली. जागा पुरेनाशी होणे हे अशा प्रत्येक संस्थेच्या नशिबी असतेच.

गर्दी हाच पहिला आजार

वखारीची जागा मी पाहिली होती. जेमतेम चारशे चौरस फूट, एकच खिडकी, वर पत्रा. खाण्याच्या ताटल्या आणि शी-शूची घमेली हातभर अंतरावर. एका मांजराला शिंक आली की आठवडाभरात दहा जणांचे डोळे चिकटत. त्याआधीच्या पावसाळ्यात कोणीतरी दाराशी पोते टाकून गेले. त्यात नऊ पिल्ले होती. त्यांना उलट्या-जुलाब सुरू झाले आणि चार दिवसांत सात गेली. हा पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो.

या विषाणूची एक वाईट खोड आहे. रोगी मांजर गेले तरी तो जात नाही. फरशीच्या भेगेत, गोणपाटात, लाकडी फळीत तो वर्षभरही जिवंत राहू शकतो. गजकर्णाच्या बुरशीचे बीजही असेच महिनोन् महिने टिकते. त्यामुळे बिऱ्हाड हलवताना पहिला प्रश्न 'काय न्यायचे' हा नसून 'काय न्यायचे नाही' हा असतो. जुनी गोणपाटे, गाद्या, लाकडी खोकी, दोऱ्याची खेळणी यातले काहीही नेऊ नका, असे मी काकूंना सांगितले. 'अहो, लोकांनी प्रेमाने दिलेल्या गोधड्या आहेत,' त्या म्हणाल्या. मन घट्ट करून त्यांनी त्या जाळल्या. स्टीलच्या ताटल्या, प्लॅस्टिकची घमेली आणि लोखंडी पिंजरे मात्र धुऊन नेता आले.

धुण्याचीही रीत आहे. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, कारण घाणीवर औषध चालत नाही. मग बाजारात मिळणारे ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट एक भाग आणि पाणी ३२ भाग, असे द्रावण लावून वस्तू दहा मिनिटे ओली ठेवायची. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन उन्हात वाळवायची. द्रावण रोज ताजे करायचे. येथे एक सूचना ठळकपणे देतो. आपल्या घरोघरी वापरले जाणारे फिनाईल मांजरांच्या जागेत वापरू नका. त्यातील फिनॉलसारखी द्रव्ये पचवून बाहेर टाकण्याची शक्ती मांजराच्या यकृतात फारच कमी असते. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटते आणि विषबाधा होते. तीच गोष्ट पॅरासिटामॉलची. आपल्या तापाची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

चौतीसची पाटी

नव्या गोदामातील मोठी खोली २६ फूट लांब आणि २४ फूट रुंद, म्हणजे ६२४ चौरस फूट होती. अमेरिकेतील निवारा-पशुवैद्यांच्या संघटनेने एकत्र राहणाऱ्या मोठ्या मांजरासाठी माणशी, म्हणजे मांजरामागे, किमान १८ चौरस फूट जागा सुचविली आहे. भागाकार केला तर त्या खोलीत ३४ मांजरे बसतात. काकूंनी दारावर खडूने '३४' असा आकडा लिहिला. खडू पुसला जाईल म्हणून पुढे तेथे रंगाने लिहिलेली पाटी आली. लहान पिल्लांसाठी एक खोली, आजाऱ्यांसाठी अंगणाच्या पलीकडची एक खोली, आणि नव्याने येणाऱ्या मांजरासाठी दोन आठवडे वेगळे ठेवायचे पिंजरे, अशी वाटणी झाली. झाडलोट करणाऱ्याने आधी पिल्लांकडे, मग निरोगी मांजरांकडे आणि सर्वांत शेवटी आजाऱ्यांकडे जायचे, हा क्रम ठरला. हात, चप्पल आणि केरसुणी यांवरूनच निम्मे रोग फिरतात.

लसीचे काम हलण्याच्या दोन आठवडे आधी उरकले. पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीच्या दोन विषाणूंची एकत्रित लस, तसेच रेबीजची लस. लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही, शरीराला तयारीला वेळ द्यावा लागतो. म्हणून टेम्पो दारात उभा असताना लस टोचण्याला फारसा अर्थ नसतो.

आठव्या दिवसाची सर्दी

प्रत्येक मांजर वेगळ्या, झाकण असलेल्या टोपलीत किंवा पिंजऱ्यात, वर पातळ कापड घालून, सकाळच्या थंड वेळी नेले. निरोगी आधी, आजारी शेवटी, असे तीन दिवसांत तीन खेपा झाल्या. चौथ्या दिवशी काकूंचा आनंदाचा निरोप आला, की सगळे छान आहेत. मी म्हटले, 'आठवडा जाऊ द्या.'

यामागे कारण आहे. मांजरांच्या सर्दीचा एक विषाणू हर्पिस जातीचा असतो. एकदा झाला की तो बहुतेक मांजरांच्या मज्जातंतूंत जन्मभर दबा धरून बसतो. आपल्याला दगदगीत किंवा तापात ओठावर जर उठतो ना, तसाच हा प्रकार. जागा बदलण्याचा ताण पडला की साधारण आठवड्याभराने तो पुन्हा डोके वर काढतो आणि एक-दोन आठवडे नाका-डोळ्यांतून बाहेर पडत राहतो. हा विषाणू माणसाला होत नाही. आठव्या दिवशी सात मांजरे शिंकू लागली. ती लगेच अंगणापलीकडच्या खोलीत गेली. डोळे कोमट पाण्याने पुसणे, वासाला चांगले असे कोमट खाणे देणे आणि दोघींना प्रतिजैविक, एवढ्यावर ती सावरली. जुन्या वखारीत हीच साथ सगळ्या कळपात फिरली असती.

ताण कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पुठ्ठ्याचे खोके. नेदरलंडमधील उट्रेक्ट येथील संशोधकांनी २०१४ साली निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्यांना लपायला खोके मिळाले, ती खोके न मिळालेल्यांपेक्षा लवकर निवळली. लपणारे मांजर आजारी आहे असे समजून त्याला ओढून बाहेर काढू नये. लपणे हाच त्याचा धीर असतो. काकूंनी किराणा दुकानांतून खोकी मागवली. वाहतुकीत मळतील ती फेकून द्यायची, धुण्याचा प्रश्नच नाही.

लक्ष ठेवायचे ते खाण्यावर. मांजर दोन-तीन दिवस काहीच खात नसेल, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतते. एका जाड्या भाटीला तिसऱ्या दिवशी भरवावे लागले. आणखी एक गोष्ट घडली. एक बोका जाळीच्या फटीतून पळाला आणि पाचव्या दिवशी दोन किलोमीटरवरच्या जुन्या वखारीच्या पत्र्यावर सापडला. मांजराला माणसाइतकीच, कधी त्याहून जास्त, जागेची ओढ असते. नवी जागा आपली वाटायला त्याला दोन-तीन आठवडे आतच ठेवावे लागते.

शेजाऱ्यांच्या शंका

आता त्या सुनेचा प्रश्न. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो, हे खरे. पण पूर्ण माहिती घ्यावी. मांजर सहसा आयुष्यात पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच तो बाहेर टाकते. बाहेर पडलेला जीव लगेच रोग देऊ शकत नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घमेले रोज साफ केले तर धोका पुष्कळ टळतो. हा रोग वाऱ्याने येत नाही. शेजारच्या जागेत मांजरे आहेत म्हणून तो होत नाही. अर्धकच्चे मांस, न धुतलेली भाजी आणि मातीचे हात हे मार्ग अधिक लक्ष देण्याजोगे आहेत. गरोदर स्त्रीने घमेले साफ करू नये, बागकाम हातमोजे घालून करावे, मांस नीट शिजवावे, भाजी स्वच्छ धुवावी. शंका असल्यास आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना रक्त तपासणीविषयी विचारावे.

निवाऱ्याने आपली बाजू सांभाळली पाहिजे, हेही मी त्या गृहस्थांसमोर काकूंना सांगितले. विष्ठा उघड्यावर न टाकता रोज खोल खड्ड्यात पुरायची, तीही विहिरीपासून दूर. अंगणाला जाळी लावायची. त्या गृहस्थांनी स्वतः येऊन खड्डा आणि जाळी पाहिली. सह्यांचा अर्ज लिहून तयार होता, तो दिला गेला नाही.

चावण्या-ओरखड्याबाबत मात्र हयगय नको. रेबीज मांजरापासूनही होतो. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे. पाळलेले मांजर आहे म्हणून थांबू नये.

आपले घर बदलताना

ज्या वाचकांकडे एकच मांजर आहे त्यांनाही हे नियम लागू पडतात. सामान हलण्याच्या दिवशी त्याला एका खोलीत बंद ठेवा आणि शेवटी न्या. नव्या घरात आधी एकच खोली द्या. घमेले व ताटली दूरदूर ठेवा. त्याच्या अंथरुणाचा तुकडा मात्र सोबत न्या. निरोगी घरातील तो ओळखीचा वास त्याला धीर देतो. दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका. आणि घर बदलताना मांजर मागे टाकून जाऊ नका. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

निवारा आज नव्या जागेत रुळला आहे. पण मांजरीचा गर्भकाळ नऊ आठवड्यांचा असतो आणि मादी पाच-सहा महिन्यांची झाली की व्यायला तयार होते. त्यामुळे गावात मांजरांची नसबंदी झाली नाही, तर दारावरची '३४'ची पाटी फार दिवस टिकणार नाही. आपल्या मांजराची शस्त्रक्रिया पाचव्या महिन्याच्या आसपास करून घ्या. आमच्या निवाऱ्यात सध्या ३१ मोठी मांजरे आहेत. तीन जागा शिल्लक आहेत.