ढेकूळ आणि तीन पेले

दर्यापूर तालुक्यातल्या एका वावरात एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही खड्डा खणायला घेतला. लांबी २ मीटर, रुंदी १, खोली दीड मीटर. पहिली कुदळ मारली तेव्हा ती दगडावर आपटल्यासारखी वर उडाली. दगड मात्र तिथे एकही नव्हता. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि रान उघडे पडले होते. जमिनीला गेलेल्या भेगांत मी तुरीची काडी सोडली, ती कोपरभर आत गेली आणि दिसेनाशी झाली.

माती सर्वेक्षणाचे काम करताना मी असे शेकडो खड्डे उतरलो आहे. तरी पूर्णेच्या खोऱ्यातल्या खड्ड्यात उतरताना पाय जरा जपून टाकतो. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये ताटासारखी सपाट काळी जमीन. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला लोक खारपाणपट्टा म्हणतात, कारण इथल्या विहिरींना आणि बोअरला खारे पाणी लागते. काळी, खोल, एकसारखी जमीन पाहून नवखा माणूस म्हणेल, इथे काय पिकणार नाही? वावराचे मालक, साठी ओलांडलेले काका, बांधावर बसून आमचे खणणे पाहत होते. ते म्हणाले, "सायेब, याले पाजलं तं वावर मरते, नाही पाजलं तं पीक मरते." दिवसभर आम्ही जे मोजले, ते या एका वाक्याचा अर्थ लावण्यासाठीच होते.

खड्ड्याची एक भिंत उन्हाकडे ठेवतात, म्हणजे रंग खरे दिसतात. सुरीच्या टोकाने ती भिंत वरून खाली हलकेच खरडत आणायची. फावड्याने गुळगुळीत झालेला थर निघतो आणि माती आपल्या नैसर्गिक सांध्यांवर तुटते. वरचे वीतभर नांगरट झालेले, भुसभुशीत, बारीक दाणेदार. त्याखाली एकदम कठीण, उभ्या चिरांनी तुटणारे मोठे ढेप. रंगपट्टीच्या पुस्तकाशी ओली माती ताडून पाहिली तर वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच काळपट करडा तपकिरी रंग. रंगावरून ही जमीन काहीच सांगत नाही, आणि काळी म्हणजे कसदार असे समजणारा माणूस इथेच फसतो.

साठ सेंटिमीटरच्या खाली सुरी तिरपी वळली आणि मातीचा एक पाचरीसारखा तुकडा सुटून हातात आला. त्याची एक बाजू घासून लखलखीत केल्यासारखी होती, तिच्यावर बारीक समांतर ओरखडे. ही चकाकी मातीनेच मातीला घासून आणलेली असते. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर आहे. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते आणि ते फुगतात, वाळले की आकसतात. पावसाळ्यात फुगलेल्या मातीला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून एक ढेप दुसऱ्यावर तिरका घसरतो. वर्षानुवर्षे घसरत राहिला की अशी झिलई चढते. त्या चकचकीत पृष्ठावर कपाशीचे एक मूळ मला सापडले. ते फितीसारखे चपटे झाले होते. आत घुसायला वाट मिळाली नाही, म्हणून दोन ढेपांच्या फटीतून ते सरकत गेले होते.

आणखी खाली पांढरे खडे लागले. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकताच फेस उसळला. ती चुनखडी. चिमूटभर माती मळून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढली, ती बोटाएवढी लांब झाली तरी तुटेना. निम्म्याहून जास्त चिकणमाती असलेल्या जमिनीची ही खूण.

तोवर खड्ड्यापासून थोड्या अंतरावर पाणी मुरण्याची चाचणी लावली होती. एकात एक दोन लोखंडी कडी जमिनीत ठोकायची, दोन्हींत पाणी भरायचे आणि आतल्या कड्यातले पाणी किती वेळात किती उतरते ते मोजायचे. पहिली काही मिनिटे पाणी इतके भरभर उतरले की ओतणारा मजूर थकला. काका हसून म्हणाले, "पेते तं चांगली!" ते पाणी भेगांत जात होते. तासाभरात भेगांच्या कडा फुगून मिटल्या आणि मोजपट्टीवरचा आकडा जणू गोठला. पुढच्या तासात पाणी जेमतेम काही मिलिमीटर खाली गेले. जूनमध्ये हेच होते. पहिले दोन-तीन पाऊस जमीन गटागट पिते आणि नंतर दार लावून घेते. जुलै-ऑगस्टमध्ये वावरात पाणी साचते, आठ-आठ दिवस वाफसा येत नाही, कपाशीच्या मुळांना हवा मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. अशा जमिनीला लोक चिबड म्हणतात. ऑक्टोबरात पाऊस थांबला की हीच कपाशी सुकू लागते. खाली ओल असते, पण चिकणमाती ती इतकी घट्ट धरून ठेवते की मुळांना ओढता येत नाही. एकाच हंगामात पीक आधी पाण्याने गुदमरते आणि मग तहानेने वाळते.

दुपारी बाभळीच्या सावलीत मी काचेचे तीन पेले मांडले. पहिल्या दोन पेल्यांत प्रयोगशाळेतून आणलेले ऊर्ध्वपातित पाणी, तिसऱ्यात काकांच्या विहिरीचे. पहिल्यात वरच्या थराचे वाळलेले छोटे ढेकूळ अलगद सोडले, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ७० सेंटिमीटर खोलीवरचे. ही साधी परीक्षा ऑस्ट्रेलियातले मृदाशास्त्रज्ञ इमर्सन यांनी १९६७ मध्ये पद्धतशीर मांडली. पेले हलवायचे नाहीत, नुसते बघत बसायचे.

पहिल्या पेल्यातले ढेकूळ फुटून त्याचे दाणे तळाशी बसले, भोवती किंचित धूसरपणा आला. दुसऱ्यातल्या ढेकळाभोवती दुधासारखे वलय उठले, हळूहळू पसरले आणि तासाभरात सगळा पेला गढूळ झाला. तिसऱ्या पेल्यात ढेकूळ नुसते सुटले आणि पाणी नितळ राहिले.

काका तिसरा पेला हातात घेऊन म्हणाले, "म्हणजे आमचं पानी चांगलं?"

इथेच थांबून नीट सांगावे लागते. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियमचा आयन दोन कणांना जवळ धरून ठेवतो, त्यामुळे त्यांचे दाणे बनतात आणि दाण्यांमधून पाण्याला व हवेला वाट राहते. सोडियमची पकड सैल. तो जास्त झाला की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात तरंगतात आणि वाटेतली बारीक छिद्रे बुजवतात. दुसऱ्या पेल्यातले दुधाळ वलय म्हणजे असे सुटलेले कण. खाऱ्या पाण्यात मीठच इतके असते की कणांना एकमेकांपासून सुटता येत नाही, म्हणून तिसरा पेला नितळ दिसला. पण त्या पाण्यातला सोडियम गुपचूप मातीवर चढत राहतो. पुढच्या वर्षी पावसाचे गोड पाणी पडते, मीठ धुऊन जाते, सोडियम मागे उरतो आणि तिसऱ्या पेल्याचा दुसरा पेला होतो. "पाजलं तं वावर मरते" या म्हणण्यामागचे रसायन हे.

नमुन्यांच्या पिशव्या प्रयोगशाळेत गेल्या आणि काही आठवड्यांनी आकडे आले. खालच्या थरांचा सामू ८.५ च्या पुढे, विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटरच्याही आत, विनिमययोग्य सोडियमचे शेकडा प्रमाण वरच्या थरात ७ आणि खाली १५ ओलांडलेले. अमेरिकी कृषी खात्याच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ मध्ये घालून दिलेल्या मोजमापात विद्युत वाहकतेची सीमा ४ आणि सोडियमची १५ आहे. वाहकता ४ च्या वर आणि सोडियम १५ च्या आत असेल तर जमीन खारवट. सोडियम १५ च्या वर पण वाहकता ४ च्या आत असेल तर चोपण. दोन्ही वर असतील तर खारवट-चोपण. पाणी खारे म्हणून जमीनही खारवट असणार असे सगळे धरून चालतात. हा खड्डा मात्र चोपण निघाला.

मृदा वर्गीकरणात या जमिनीचे नाव 'सोडिक हॅप्लस्टर्ट'. नाव उलटे वाचले की उलगडते. शेवटचा 'र्ट' व्हर्टिसॉल या गणाचा, लॅटिनमधल्या 'उलटणे' या अर्थाच्या शब्दावरून आलेला, कारण भेगांत पडणारी वरची माती आणि फुगून वर सरकणारी खालची माती यांची उलथापालथ चालू असते. 'अस्ट' म्हणजे पाऊस येतो पण वर्षातले बरेच महिने कोरडे जातात असे हवामान. 'हॅपल' म्हणजे साधी. 'सोडिक' हे विशेषण जमिनीच्या वरच्या १०० सेंटिमीटरमधल्या एखाद्या थरात सोडियम शेकडा १५ किंवा जास्त असेल तरच लागते.

या १५ च्या आकड्याने वऱ्हाडात बरेच नुकसान झाले आहे असे मला मनापासून वाटते. काकांच्या वरच्या थरात ७ होता. तेवढाच थर तपासला असता तर अहवालात 'चोपण नाही' असे लिहून आले असते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या जमिनींवर केलेल्या कामातून दिसले, की या भारी चिकणमातीत सोडियम ५ च्या पुढे गेला की निचरा बिघडू लागतो. कारणही त्यांनी दाखवले. कोरड्या हवामानात कॅल्शियम चुनखडी होऊन बसतो आणि मातीच्या द्रावणात सोडियमचे राज्य सुरू होते. खड्ड्याच्या तळाला फेस काढणारे पांढरे खडे म्हणजे तोच कॅल्शियम. धान्य घरातच आहे, पण कणगीला कुलूप आहे.

म्हणून जमिनीचे नाव नीट ठरवणे मला कारकुनी वाटत नाही. सांगली-कोल्हापूरकडे शिरोळ-वाळवा भागात उसाला पाणी जास्त होऊन जमिनी क्षारपड झाल्या. तिथे जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून जास्तीचे पाणी बाहेर काढतात. पूर्णेकाठच्या जमिनीचा मूळ दोष माणसाने दिलेल्या पाण्यातून आला नाही, तो हवामानातूनच हजारो वर्षांत घडला आहे. इथे उतारही इतका कमी की पाणी काढून सोडायचे कुठे, हा प्रश्न. इथे उपाय पावसाभोवतीच बांधावे लागतात. साचलेले पाणी वाहून जावे म्हणून रुंद वरंबे आणि सऱ्या, वाहून गेलेले गोड पाणी धरायला शेततळे, धैंचा किंवा तागासारखे हिरवळीचे खत, आणि जिप्सम.

काकांना जिप्सम शब्द ऐकून माहीत होता. त्या दिवशी दुपारीच मी पिशवीतून चिमूटभर पूड काढून दुसऱ्या, गढूळ पेल्यात टाकली आणि काडीने ढवळली. जिप्समही कॅल्शियमचाच, फक्त तो चुनखडीपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो. मग आम्ही खड्डा बुजवायला लागलो. जी माती खालून निघाली ती आधी, वरची शेवटी, म्हणजे पेरणीच्या थरात चोपण माती येत नाही. ते होईपर्यंत ऊन उतरले होते. पेल्यातले दूध फाटल्यासारखे झाले होते. गाळाचे पुंजके तळाशी बसले होते आणि वर बोटभर नितळ पाणी होते.

काकांनी तो पेला उन्हासमोर धरला आणि बराच वेळ पाहिला. मग विचारले, "एका वावराले किती लागंन?"

हिशेब मी बांधावरच मांडला. वरच्या १५ सेंटिमीटर थरातला सोडियम दर १०० ग्रॅम मातीमागे एका मिलिइक्विव्हॅलंटने कमी करायचा तर हेक्टरी सुमारे दोन टन जिप्सम. आणि सुटलेला सोडियम खाली नेण्यासाठी पुरेसे गोड पाणी, म्हणजे पाऊसच. एका वर्षात हे होत नाही, असेही सांगितले.

"पावसाआधी टाकायचं तं मंग," ते म्हणाले आणि पेल्यातले वरचे नितळ पाणी बाभळीच्या बुडाशी ओतून, तळाची माती वावरात झटकून टाकली.