सेझिंकोटचा सेतु व घारापुरीचे स्तंभ

इंग्लंडांतील खेड्यापाड्यांत विखुरलेले जुने उमराववाडे व त्यांचे बाग यांविषयीं आपल्याकडील संशोधकांस फारसें कुतूहल नसतें. तीं प्रवाशांनीं उन्हाळ्यांत पाहावयाचीं रमणीय स्थळें, इतकाच सामान्य समज आहे. परंतु मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें ज्यांस शोधावयाचीं आहेत त्यांनीं या वाड्यांची गणना दप्तरखान्यांत केली पाहिजे, असें आमचें मत दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांकडे तिकडे गेलों असतां झालें; तें येथें सकारण मांडीत आहों.

तिकडील मोठ्या घराण्यांत जमीन व वाडा हीं रूढीनें बहुधा ज्येष्ठ पुत्राकडेच जात. आपल्याकडे चार भाऊ विभक्त झाले म्हणजे दप्तराचे रुमाल चार घरीं जातात, आणि तिसऱ्या पिढीस त्यांतील एकहि धड उरत नाहीं. आमच्याच गांवच्या एका घराण्यांतील मोडी कागदांचे दोन पेटारे पाहावयास जाण्यास आम्हीं आठ दिवसांचा आळस केला. गेलों तेव्हां पेटारे रिकामे होते व कागद रद्दीवाल्याकडे वजनावर गेले होते. तिकडे पत्रें, हिशेबाच्या वह्या, नकाशे व चित्रें एकाच छपराखालीं शतकानुशतकें पडून राहिलीं. अशा खासगी संग्रहांच्या याद्या करण्यासाठीं तेथील सरकारनें १८६९ सालीं एक शाही आयोग नेमला. २००३ मध्यें तो राष्ट्रीय दप्तरखान्यांत समाविष्ट झाला. मात्र तिकडचेंहि सर्व सुरक्षित राहिलें असें नाहीं. १८९४ सालीं वारशावर जबर कर बसला, पुढें दोन महायुद्धें झालीं, आणि विसाव्या शतकांत शेंकडों वाडे पाडले गेले. त्यांतील पुष्कळ संग्रह लिलांवांत फुटले. कांहीं वाडे १८९५ त स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टकडे आले. कांहीं अद्याप खासगी मालकीचे असून ठराविक दिवशीं लोकांस दाखविले जातात. सेझिंकोट हा या दुसऱ्या प्रकारचा.

हें स्थळ ग्लॉस्टरशायर परगण्यांत मोर्टन-इन-मार्श या गांवाजवळ आहे. १७९५ सालीं कर्नल जॉन कॉकरेल यानें ही जहागीर विकत घेतली. १७९८ त तो वारल्यावर ती त्याचा भाऊ चार्ल्स याजकडे आली. चार्ल्स हा कंपनीच्या चाकरींत बंगाल्यांत राहून गबर झालेला गृहस्थ. सॅम्युअल पेपीस कॉकरेल हा तिसरा भाऊ वास्तुशिल्पी होता. जवळच डेल्सफर्ड येथें वॉरन हेस्टिंग्जचा वाडा यानेंच बांधला. सुमारें १८०५ पासून त्यानें सेझिंकोटचें काम चालविलें. तांब्याचा हिरवा पडलेला घुमट, खोल छज्जे, कोपऱ्यांवर छत्र्या, मोराच्या पिसाऱ्यासारख्या महिरपी असा सर्व बाह्यवेष मोंगली आहे. उंबरठा ओलांडला कीं सर्व ग्रीक-रोमन धाटणी. वर जामा व आंत पाटलोण, असेंच आमच्या मनांत आलें. १८०७ मध्यें इंग्लंडच्या युवराजानें हें घर पाहिलें व पुढें ब्रायटन येथील त्याच्या प्रासादास हिंदी रूप मिळालें, एवढें सांगून घराचा विषय आटोपतों. आम्हांस सांगावयाचें आहे तें बागेंतील.

वाड्याच्या बाजूनें एक ओढा उतारावरून खालीं जातो. त्याच्या माथ्याशीं लहानशा देवळींत सूर्याची मूर्ति आहे. ती खऱ्या पाषाणाची नसून कोड नांवाच्या कारखान्यांत भाजून केलेल्या कृत्रिम दगडाची आहे. ओढ्यावरील पुलाच्या कठड्यांवर नंदी बसविले आहेत. सूर्याच्या आवारांत वृषभ हें शिल्पशास्त्रास धरून नाहीं. सूर्याचा सप्ताश्व रथ, वृषभ शंकराचा. पण बागेचा योजक टॉमस डॅनिएल हा चित्रकार या भेदाची पर्वा करणारा नव्हता. नंदी कोठें बसवावे याविषयीं त्यानें कॉकरेलास लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे, आणि त्यांत त्यानें खुद्द विश्वकर्म्यास साक्षीस बोलाविलें आहे! पुलाच्या पलीकडे एका वाळलेल्या झाडाच्या बुंध्यास त्रिमुखी सर्पानें वेढा घातला असून त्याच्या मुखांतून पाणी उडतें.

आम्ही पुलाखालीं उतरलों. तेथें पाण्यांतून पाय टाकीत जाण्यास दगड मांडलेले आहेत व बसण्यास एक बैठक आहे. तेथून वर पाहिलें तेव्हां पूल तोलणारे खांब ओळखीचे वाटले. शाळेंतील मुलांस घेऊन आम्ही घारापुरीस किती वेळां गेलों असूं, याची गणती नाहीं; खालीं चौरस, वर पन्हाळीदार व माथ्यावर दाबलेल्या आवळ्यासारखी उशी, हा खांब आम्हीं फळ्यावर खडूनें शेंकडों वेळां काढिला आहे. वाटाड्यास न विचारतां आम्ही म्हणालों, हे घारापुरीचे. तेथील जाणकारहि तेंच सांगतात.

मुंबईच्या समुद्रांतील लेणें या ओढ्यावर आलें कसें? टॉमस डॅनिएल व त्याचा पुतण्या विल्यम हे १७९३ सालीं मुंबईस आले. तेथें जेम्स वेल्स या स्कॉच चित्रकाराची गांठ पडली व त्यांनीं घारापुरी आणि साष्टीकडील लेणीं पाहून चित्रें काढिलीं. विलायतेस परतल्यावर त्यांनीं १७९५ ते १८०८ या काळांत हिंदुस्थानांतील देखाव्यांचीं १४४ चित्रें छापून प्रसिद्ध केलीं. कॉकरेलाचा वाडा उभा राहिला तो हें प्रकाशन चालू असतांनाच. म्हणजे हा पूल त्या टिपणांचाच दगडी अनुवाद होय.

येथपर्यंत गोष्ट मौजेची आहे. पण वेल्सचें नांव आलें कीं पुणें दरबार समोर येतो, व येथें संग्राहकांनीं सावध झालें पाहिजे. वेल्स १७९२ मध्यें पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणीस, महादजी शिंदे यांचीं चित्रें त्यानें काढिलीं. १७९५ त तो वारला. त्याची कन्या सुझाना हिनें १७९९ मध्यें पुण्याचा माजी रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याशीं विवाह केला व मॅलेट पुढें विल्टशायरांतील विल्बरी या वाड्यांत राहूं लागला. टिपूविरुद्ध १७९० सालीं झालेल्या कराराचा दरबार दाखविणारें प्रसिद्ध चित्र डॅनिएलनें १८०५ त पुरें केलें. तें हल्लीं लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. आपल्याकडे कित्येकजण तें चित्र शनिवारवाड्यांतील गणेशमहालाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून पुढें करितात. परंतु करार झाला तेव्हां वेल्स पुण्यास आलाच नव्हता, व डॅनिएल मुंबईस पोंचला तो तीन वर्षांनीं. चेहरे वेल्सनें समक्ष काढिलेल्या रेखाटनांवरून आले असल्यानें ते विश्वसनीय मानावे. मंडळींचा बैठकक्रम मात्र कागदोपत्रीं पडताळल्याखेरीज मानूं नये. जो चित्रकार सूर्यापुढें नंदी बसवितो, तो मानकऱ्यांसहि शोभेसाठीं जागा बदलावयास लावील.

दुसरी बाब याहून जिव्हाळ्याची. मॅलेटच्या आश्रयानें पुण्यास चित्रशाळा चालली. तींत गंगाराम चिंतामण तांबट, उपनांव नवगिरे, हा आपला कारागीर होता. वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें त्यानें काढिलीं. वेल्सच्या चित्रांवरून वेरूळचा ग्रंथ डॅनिएलच्या देखरेखीखालीं लंडनांत १८०३ च्या सुमारास निघाला, त्यावर नांवें आहेत तीं वेल्स व डॅनिएल यांचींच. गंगारामाचीं रेखाटनें व वेल्सचे कागद आज अमेरिकेंत न्यू हेवन येथें येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहांत आहेत. पुण्यांत काढिलेलें चित्र साहेबाच्या सामानांतून विलायतेस गेलें व शेवटीं समुद्रापलीकडे पोंचलें. त्याचा मार्ग लावावयाचा तर या वाड्यांच्या याद्यांपासूनच आरंभ करावा लागतो.

गंगारामाच्या घराण्याविषयीं इकडील कागदांत काय आहे याचा शोध आम्ही आरंभिला आहे. पुण्याच्या कसब्यांतील किंवा तांबट आळींतील जुन्या वह्या, खतें अथवा कुळकट ज्या सभासदांच्या संग्रहीं असतील त्यांनीं नवगिरे हें उपनांव कोठें आढळतें का तें पाहून मंडळाच्या पत्त्यावर कळवावें. मूळ कागद पाठविण्याची तसदी घेऊं नये, नक्कल पुरे.