'अ' लागला की ज्ञान पालटतं

जाणणे या अर्थाचा इंग्रजी 'नो' लिहिताना आधी 'के' कशाला, असा प्रश्न शाळेत बहुतेकांना पडलेला असतो. जुन्या इंग्रजीत तो 'क्' चक्क उच्चारत. पुढे तो जिभेवरून गेला, स्पेलिंगात राहिला. हा 'क्न', ग्रीकमधला 'ग्नो' आणि संस्कृतातला 'ज्ञा' ही एकाच मूळ धातूची रूपं. नकाराचा 'अ'सुद्धा ग्रीक आणि संस्कृतात एकाच घरातून आलेला. म्हणजे 'अग्नॉस्टिक' आणि आपला 'अज्ञ' यांचं नातं रक्ताचं.

'अग्नॉस्टिक' हा शब्द जीवशास्त्रज्ञ टी. एच. हक्सली यांनी १८६९मध्ये घडवला. देवाविषयी जे कळणं शक्य नाही, ते कळल्याचा आव आणायचा नाही, ही त्यामागची भूमिका. हे प्रामाणिक अज्ञान झालं. मुद्दाम पिकवलेलं अज्ञानही असतं. धूम्रपानाने कर्करोग होतो याचे पुरावे जमत असताना अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी लोकांच्या मनात शंका पेरत ठेवल्या. विज्ञानेतिहासकार रॉबर्ट प्रॉक्टर यांच्या पुढाकाराने अशा अज्ञानाच्या अभ्यासाला 'लॉजी' हा प्रत्यय लागून त्याचं रीतसर शास्त्र झालं : 'अग्नोटॉलॉजी'.

'अ'ची खरी करामत मात्र मेंदूविज्ञानात. 'अनोसोग्नोसिया' हा शब्द फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ जोझेफ बाबिन्स्की यांनी १९१४मध्ये रूढ केला. फोडून पाहा : 'अ' म्हणजे नाही, 'नोसोस' म्हणजे आजार, 'ग्नोसिस' म्हणजे जाण आणि शेवटी अवस्था दाखवणारा 'इया'. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा होऊन डावं अंग लुळं पडतं, पण रुग्णाच्या ते गावीही नसतं. 'डावा हात उचला' म्हटलं तर 'उचलला की!' म्हणतो, हात गादीवरच. तो थापा मारत नसतो. स्वतःच्या शरीराची खबर ठेवणारी मेंदूतली यंत्रणाच बिघडलेली असते. 'नोसोस' काढून 'अ'च्या आधी 'प्रोसोपॉन', म्हणजे चेहरा, जोडला की होतो 'प्रोसोपॅग्नोसिया' : नजर शाबूत, पण समोरची बायको आवाजावरूनच ओळखायची.

दवाखान्यात रोज कानावर पडणारे दोन शब्द याच कुळातले. 'डाया' म्हणजे वेगळं काढून. 'डायग्नोसिस' म्हणजे इतर आजारांतून नेमका आजार ओळखणं. 'प्रो' म्हणजे आधी. 'प्रोग्नोसिस' म्हणजे तो पुढे कोणतं वळण घेईल याचा अंदाज. पहिलं कळलं म्हणजे दुसरं कळलं असं नव्हे. तेव्हा आजाराचं नाव ऐकून उठू नका. पुढे काय होणार, हेही डॉक्टरांना विचारा.