धाराशिवची बोली : गैरसमज आणि वस्तुस्थिती

धाराशिवचा माणूस पुण्यात ‘काय करायलास?’ म्हणाला की ऐकणारा हसतो, वर ‘शुद्ध बोल’ असा सल्ला देतो. ही बोली म्हणजे पुस्तकी मराठीची मोडतोड, असा त्यामागचा समज. मोडतोडीला नियम नसतात; इथे ते काटेकोर आहेत. पुरुषाला ‘करायलास’, बाईला ‘करायलीस’, स्वतःबद्दल ‘करायलोय’ किंवा ‘करायलेय’. लातूरच्या अंगाला तेच ‘करलालास’ होतं, पण लिंगाची गल्लत तिथेही कुणी करत नाही.

प्रमाण मराठी तरी कुठून आली? एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारची शालेय पुस्तकं निघाली, 1831 मध्ये मोल्सवर्थचा कोश आला, आणि पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाची बोली छापात स्थिरावली. धाराशिव तेव्हा निजामाकडे होतं. 1853 ते 1860 हा इंग्रजी अंमल सोडला तर ते 1948 पर्यंत तिथेच राहिलं. छापखाना दुसऱ्याच्या दारात होता, एवढंच! सर्बियन भाषेतही असंच घडलं: वुक कराजिचने 1818 मध्ये कोश काढला तो खेड्यापाड्यांतल्या बोलीवर, आणि पुढे तीच प्रमाण ठरली. आसामात, आपल्यासारखीच देवनागरीत लिहिली जाणारी प्रमाण बोडो भाषाही कोक्राझारकडच्या बोलीवर उभी आहे.

‘निजामामुळे तुमची भाषा उर्दूने भरली’ असंही ऐकवलं जातं. उर्दूचा संस्कार आहेच, तो कशाला नाकारायचा? पण अर्ज, वकील, जमीन, कागद हे शब्द पुण्यातही रोज लागतात. अशा फारसी शब्दांना पर्याय म्हणून शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा निजामाचं राज्य जन्मालाही आलं नव्हतं. ते 1724 चं.

मराठवाडी आणि वऱ्हाडी एकच, हे तर मुंबईकरांचं आवडतं वाक्य. वऱ्हाडात ‘डोया’ आणि ‘काया’ ऐकू येतं; धाराशिवचा ‘ळ’ शाबूत आहे, ‘ण’चा मात्र ‘न’ होतो. ‘पानी’ म्हणणारी माणसं मराठवाड्याबाहेरही पुष्कळ आहेत, हेही लक्षात असू द्या.

जिल्हाभर एकच बोली आहे असंही समजू नका. परंडा-भूमचा ओढा बार्शी-जामखेडकडे, तर उमरग्याची शीव आळंद-बसवकल्याणच्या कानडी मुलखाला भिडलेली. या दोन टोकांचे हेल निराळे आहेत.

शाळेतल्या गुरुजींना एकच विनंती: प्रमाण मराठी जरूर शिकवा, पण ‘मी जेवायलोय’ म्हणणाऱ्या पोराच्या वहीत लाल रेघ ओढताना ‘चूक’ असं लिहू नका.