उलू: बायकांच्या गळ्यातला मंगलघोष

मुंबईत शिवाजी पार्कच्या दुर्गापूजेला जाऊन आलेला मराठी माणूस ढाक या ढोलाचं वर्णन करतो, धुनुची नाचाचं करतो. आरतीच्या वेळी बायकांच्या घोळक्यातून उठणारा टिपेचा, थरथरता आवाज मात्र त्याला गलक्याचाच भाग वाटतो. बंगालीत त्याला उलुध्वनी म्हणतात. बोलताना नुसतं ‘उलू देणं’.

सूर उंच धरायचा, तोंड थोडं उघडं ठेवायचं आणि जीभ डावी-उजवीकडे भराभर हलवत तो सूर कातरत न्यायचा, एका दमात. एकीने सुरुवात केली की बाकीच्या तिला मिळतात आणि कुणाचा आवाज कुठला ते कळेनासं होतं. मांडवांत शंख फुंकण्याच्या आणि उलूच्या स्पर्धाही लागतात. हळद, सिंदूरदान, बाळाचं उष्टावण, यांतलं काहीही उलूवाचून होत नाही. इतकंच काय, भूकंपाचा धक्का बसला तरी बंगाल-आसामात बायका शंख फुंकतात आणि उलू देतात. अरिष्ट टाळण्याचं सामर्थ्य या आवाजात आहे, अशी त्यामागची श्रद्धा.

आसामात हीच उरुली, ओडिशात हुळहुळी. पुरीला जगन्नाथ रथाकडे निघतो तेव्हा ती रस्ताभर ऐकू येते. केरळात कुरव, तमिळनाडूत कुलवै; ती तर भाताच्या लावणीच्या वेळी चिखलात उभं राहूनही घालतात.

हे सारं फार जुनं आहे. अथर्ववेदाच्या एका युद्धसूक्तात असा घोष ध्वजांबरोबर उठतो. छांदोग्य उपनिषदात सूर्य जन्मतो तेव्हा तो उठतो. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’त दमयंतीच्या स्वयंवरात तो आणला, आणि त्याचाही आधार घेऊन काही अभ्यासकांनी कवीला बंगाली ठरवायचा प्रयत्न केला. तिकडे होमरच्या ‘ओडिसी’त बळीच्या पशूवर घाव पडताच बायका अशीच आरोळी देतात. त्याच काव्यात शत्रूंची प्रेतं पाहून म्हातारी दाई युरिक्लिया आनंदाने ती द्यायला निघते, तर ओडिसियस तिला अडवतो: मेलेल्यांवर जल्लोष करणं पाप आहे.

आनंदाचा हा आवाज आपल्याकडे रुजला नाही. लग्नात आपण तो सनई-चौघड्यावर सोपवला. शोकाचा आवाज मात्र आपल्या बायकांनी गळ्यातच ठेवला. गावाकडे मयताच्या घरी आलेली बाई दुसरीच्या गळ्यात पडून हेल काढून रडते, त्या हेलात गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य सांगते. शहरी मंडळी त्याला नाटकी म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. ठरलेला सूर असतो म्हणूनच दुःखाने वाचा बसलेल्या बाईलाही बोलता येतं. तमिळ बायकांकडे दोन्ही आहे: शेतात कुलवै, प्रेतापाशी ओप्पारी.

उलूला शब्द नाहीत, म्हणून शुद्ध-अशुद्ध उच्चाराची भानगड नाही. मंत्राचा अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्यांनी मंत्राच्या बरोबरीने उभा केलेला हा घोष आहे; त्याला भटजींची परवानगी लागत नाही. पण इथेही कुंकू आडवं आलंच. विधवेने मंगलकार्यात उलू द्यायची नाही, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, मग लग्न पोटच्या मुलीचं का असेना. आणि ती पाळायला लावणाऱ्या बहुतेक वेळा घरातल्या बायकाच होत्या, हे मला सर्वांत जास्त बोचतं.