मानेचे ऑपरेशन : आधीची तयारी, नंतरची काळजी

किहीमला वाडी पाहायला गेलो की आमची मान आपोआप वर जाते. झावळ्या त्रिकोणी कापलेल्या दिसल्या की गेंड्या भुंगा आला, हे खालूनच ओळखायचे. वर चढणारा गडी वेगळा. पडला तर तोच पडतो.

एका पावसाळ्यात असाच एक गडी शेवाळलेल्या माडावरून घसरला. मानेचा मणका सरकला. मुंबईस ऑपरेशन झाले, चांगले झाले. पण दहा दिवसांत घरी येईल म्हणता म्हणता महिना लागला. घरी आल्यावर पंधरवड्यात जखम चिघळली आणि पुन्हा खाट धरावी लागली. चौकशी केली तेव्हा कळले, रक्तातली साखर आजवर तपासलीच नव्हती आणि विडी तर इस्पितळाच्या दारापर्यंत चालू होती.

मंडळी, माझा धंदा माडापोफळीचा, दवाखान्याचा नव्हे. पण रोप लावण्याआधी खड्डा भरावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मानेत ७ मणके. त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. गळ्याच्या बाजूने एकाच ठिकाणी ऑपरेशन केले तर रोगी बहुधा लवकर घरी येतो. मागच्या बाजूने, तीन-चार मणक्यांवर, बराच वेळ चाललेले ऑपरेशन असेल तर मुक्काम वाढतो. उतारवय, हृदय, फुप्फुस किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार, अंगात रक्त कमी, खाणे तुटपुंजे, आणि आधीपासूनच चालताना पाय लटपटत असले, तरीही तेच. यांतले वय काही आपल्या हाती नाही. साखर, रक्त आणि तंबाखू मात्र आहे.

साखर वाढलेली असली की जखम पिकते. विडीने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला वेळ लागतो. मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनी ‘आम्ही कुठे विडी ओढतो?’ म्हणू नये. निकोटीन मिश्रीतही असतेच. ऑपरेशन ठरवून करायचे असेल तर निदान ४ आठवडे आधी सोडा, आणि नंतर पुन्हा धरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. मनानेच बंद करू नका. रेशनकार्ड व आधार बरोबर घ्या आणि महात्मा फुले योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा.

घरी आल्यावर गळ्याकडून ऑपरेशन झालेल्यास काही दिवस घास गिळताना त्रास होतो. मऊ भात, पेज द्या, बसवून भरवा. ठसका लागून अन्न फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. पण गळा सुजून श्वास कोंडू लागला तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. ताप, टाक्यांतून पाणी, हातापायात नवी कमजोरी, लघवी अडणे, पोटरी सुजणे, यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या लाँचा बंद असतात, म्हणून ‘समुद्र निवळला की जाऊ’ असे पुष्कळजण म्हणतात. जखम समुद्रासाठी थांबत नाही. अलिबागचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे, आधी तिथे जा. डोक्यावर हंडा वा लाकडाची मोळी डॉक्टर सांगेपर्यंत नाही. हे सासूबाईंनीही लक्षात ठेवावे.

आणि कोणी माडावरून पडलाच तर हातपाय धरून उचलू नका. डोके व मान सरळ रेषेत धरून ठेवा, फळीवर निजवा. घाईने उचलताना मज्जारज्जूला इजा होऊ शकते, मग मुक्काम महिन्यांचा होतो.

आमचा तो गडी आता खाली बसून शहाळी सोलतो. माडावर त्याचा पुतण्या चढतो, पायात चढण्याचे यंत्र आणि कमरेला पट्टा बांधून. बुंधा ओला असला की काका खालूनच ओरडतात, ‘‘आज राहू दे रे!’’