एअर फ्रायरमध्ये अख्खी चिलापी

शेजारच्या ताईंनी विचारलं, म्हणून लिहितेय. चांदवडला पोचेपर्यंत समुद्राच्या माशाचं वय झालेलं असतं. त्यामुळे मी धरणाची चिलापी घेते. अर्ध्या किलोची बास्केटमध्ये अख्खी मावते.

खवले, पोट साफ करून दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तिरक्या चिरा द्या.

खरं काम पुढे आहे: मासा कापडाने कोरडा पुसा. एअर फ्रायर म्हणजे गरम हवेचा झोत. कातडी ओली असेल तर तो आधी पाणीच वाळवत बसतो, कुरकुरीतपणा राहतो बाजूला.

हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण, लिंबू चिरांत भरा. वरून रवा लावू नका, कोरडा रवा झोतात उडतो (आणि मशीन पुसत बसावं लागतं!). तेलाचा हात मात्र हवाच.

२०० अंशांवर साधारण १५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. कण्याजवळचं मांस सहज सुटलं की झालं.

काही विचारायचं असेल तर माशाचं वजन सांगून विचारा.